उमाअप्पाची झोप

निलंग्याच्या भांडेगल्लीत दुपारची जेवणं झाली की हातोड्या थांबायच्या. घागरींचे पोचे काढणारे, पातेल्यांना ठोके घालणारे सगळे कारागीर त्या वेळेपुरते पॉलिशचं काम काढायचे, नाहीतर चहाला जायचे, पण ठोका कुणी मारायचं नाही. हा काही नगरपालिकेचा हुकूम नव्हता. उमाशंकर आपल्या दुकानात मागच्या बाजूला चटईवर आडवा झालेला असायचा आणि त्याची झोप मोडू नये, एवढीच गल्लीची तळमळ होती. खेड्यातलं गिऱ्हाईक येऊन "आज बंद हाय काय?" म्हणून विचारायचं. तेव्हा समोरचे शंकरप्पा तोंडावर बोट ठेवून सांगायचे, "हळू बोला. आमचा उमाअप्पा झोपलाय."

हे सगळं त्याच्या बायकोमुळे, मंजुश्रीमुळे झालं होतं. उमाशंकरला कॉलेजात असल्यापासून फिट येत होती. उदगीरच्या मंजुश्रीला मागणी घातली तेव्हा त्याच्या घरच्यांनी ही गोष्ट लपवली नाही, हा त्यांचा मोठेपणा. आणि ऐकूनही ती हो म्हणाली, हा तिचा. लग्नानंतर पहिल्यांदा डॉक्टरांकडे गेली तेव्हा त्यांनी सांगितलं होतं, गोळी चुकवायची नाही आणि झोप मोडू द्यायची नाही. गोळीचं तिने पाळलंच, पण झोपेचा तिने वसा घेतला. घरात मिक्सर त्याच्या उठण्याआधी लागत नसे. फोन मुके केलेले असत. मग एके दिवशी ती दारोदार जाऊन गल्लीला हात जोडून सांगून आली, आणि गल्लीनेही ऐकलं. अशी माणसं शोधून सापडत नाहीत.

उमाशंकरसाठी गल्लीने एवढं करावं याला कारणही होतं. भांड्यांवर नाव घालावं तर त्यानेच. शेजारच्या दोन्ही दुकानांत विजेवर चालणारं यंत्र होतं, हा मात्र छिन्नी-हातोडी घेऊन बसायचा. लग्नातलं आंदण असो की वास्तूची भेट, त्याचं अक्षर तांब्यावर असं बसायचं की भांडं झिजलं तरी नाव वाचता यावं. अर्ध्या तालुक्याच्या स्वयंपाकघरांत त्याचा हात पोचला होता. मंजुश्री कुणाकडे हळदीकुंकवाला गेली की आधी फडताळाकडे बघायची, आणि ओळखीचं अक्षर दिसलं की दिवसभर खुशीत असायची.

पण गेल्या काही वर्षांत हे चित्र बदललं. उमाशंकर अंगाने सुटला, शर्टाची कॉलर लागेना. फिट पूर्वी कधीमधी यायची, ती वरचेवर यायला लागली. गिऱ्हाईकाशी बोलता बोलता त्याची मान खाली पडायची. गोळ्यांची गुंगी असेल, असं सगळे धरून चालले. एकदा छिन्नी हातात असतानाच फिट आली आणि तळहात फाटला. त्या दिवशी मंजुश्रीने छिन्नी-हातोडी फडक्यात गुंडाळली आणि घरच्या कपाटात कुलूपबंद केली. तो भांडला असता तर तिला बरं वाटलं असतं.

नेमक्या त्याच सुमारास केवळाबाई आल्या. लिंबाळ्याकडच्या शेतकरी घरातल्या, जुन्या गिऱ्हाईक. त्यांनी नातीसाठी, स्वप्नालीसाठी, तांब्याची घागर घेतली आणि नाव घालून मागितलं. उमाशंकरने पट्टी बांधलेला हात दाखवला, शेजारी यंत्रावर करून देतो म्हणाला.

"यंत्राचं नाव मला नको बाबा," केवळाबाई म्हणाल्या. "माझ्या लग्नातल्या कळशीवर तुझ्या बापाचा हात हाय, लेकीच्या कळशीवर तुझा. आता नातीलाच यंत्र दाखवू व्हय? लगीन तूर निघाल्यावर हाय. मी थांबते."

म्हातारी घागर ठेवून निघून गेली. ती बिननावाची घागर गादीसमोरच्या फळीवर पालथी बसून राहिली. उमाशंकर येता-जाता तिच्याकडे बघायचा, आणि मंजुश्री त्याच्या बघण्याकडे. त्याच्या हातात पुन्हा छिन्नी देता यावी, एवढंच तिला देवाकडे मागायचं होतं. पण ज्याला बसल्या जागी डुलकी येते आणि केव्हा फिट येईल याचा भरवसा नाही, त्याच्या हातात धारेचं हत्यार द्यायचं कसं?

एक समाधान तेवढं होतं. माणूस घोरायचा मात्र जोरात. त्याचं घोरणं सुरू झालं की मंजुश्रीचा जीव भांड्यात पडायचा. समोरून शंकरप्पा मान डोलवायचे, "आज लई गाढ लागलीय बघा." गल्लीला त्या घोरण्याचा अभिमानच होता म्हणा ना.

फिट थांबेनात म्हणून ती दोघं लातूरला गेली. तिथे मेंदूविकाराच्या नव्या डॉक्टर आल्या होत्या, डॉक्टर तनुजा, मूळच्या उमरीकडच्या. आता आणखी एक गोळी वाढणार, अशी मंजुश्रीची खात्री होती. पण बाईंनी पेन उचललाच नाही. त्या उमाशंकरच्या गळ्याकडे बघत राहिल्या, त्याला तोंड उघडायला लावून घशात बॅटरी मारली, आणि मग मंजुश्रीकडे वळल्या.

"हे घोरतात का?"

"लई झकास घोरतात मॅडम," मंजुश्री कौतुकाने म्हणाली. "गल्लीच्या त्या टोकाला ऐकू जातंय."

"आणि मधेच घोरणं थांबतं?"

"थांबतंय की. मग आम्ही म्हणतो, आता शांत लागली."

बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "ताई, एक काम करा. उद्या घोरणं थांबेल ना, तेव्हा त्यांच्या नाकापुढे हात धरा आणि पोटाकडे बघा. मग मला फोन करा."

दुसऱ्या दिवशी दुपारी मंजुश्री चटईशेजारी जाऊन बसली. हातोड्या थांबलेल्या होत्या. उमाशंकर घोरू लागला, आवाज चढत गेला आणि एकदम तुटला. तिने हात पुढे केला. नाकातून वारा नव्हता. पोट मात्र खालीवर हेलकावत होतं, कुणी आतून दार ढकलत असावं तसं. ती वाट बघत राहिली. वारा नाही. ती हाक मारणार एवढ्यात त्याचं सगळं अंग हिसका देऊन उचललं गेलं, मोठ्ठा घुसमटलेला श्वास आत गेला आणि घोरणं पुन्हा सुरू झालं. थोड्या वेळाने पुन्हा तेच. आणि पुन्हा.

तिने खुणेने शंकरप्पांना बोलावलं. ते पॉलिशचं फडकं हातात घेऊनच आले, ऐकत उभे राहिले, आणि मग पायरीवर मटकन बसले.

"अय्यो शिवा," ते म्हणाले. "आपण गल्ली गप करून राहिलो, आन् ह्याचा जीव हितं घुसमटून राहिला व्हता?"

मंजुश्रीला रडू आवरेना. इतकी वर्षं जे ऐकून ती निश्चिंत होत होती, ते त्याचं गुदमरणं होतं. मात्र हातोड्या चालू असत्या तर त्या दुपारी तो तुटलेला श्वास तिला ऐकूच आला नसता, हेही तितकंच खरं.

झोपेची तपासणी नांदेडला झाली. मंजुश्रीचा भाऊ विष्णुपुरीला राहतो, त्याच्याकडे ती दोघं उतरली. दवाखान्यातल्या तंत्रज्ञाने छातीला पट्टे बांधायच्या आधी गळ्यातलं-हातातलं सगळं काढून ठेवायला सांगितलं. उमाशंकरने घड्याळ दिलं, चष्मा दिला, पण लिंगायत म्हणून दीक्षेपासून गळ्यात असलेल्या इष्टलिंगावर हात ठेवून म्हणाला, "हे जिवंतपणी अंगावरून उतरत न्हाई दादा." तो मुलगा समजूतदार निघाला, त्याने पट्टा इष्टलिंगाखालून घेतला. सकाळी निघालेल्या रेघांकडे बोट दाखवून त्याने मंजुश्रीला सांगितलं, की रात्रभरात सलग झोप अशी यांना लागलेलीच नाही.

लातूरला डॉक्टर तनुजांनी ते उलगडून सांगितलं. झोपेत घशाचा रस्ता मिटतो, श्वास अडतो, मेंदू घाबरून दर वेळी अर्धामुर्धा जागा होतो. आणि अपुरी, तुटकी झोप म्हणजे फिटला आवतण. "तुम्ही बाहेरून त्यांची झोप मोडू देत नव्हता. ती आतून मोडत होती." मग त्यांनी यंत्राबद्दल सांगितलं. नाकावर मास्क, मास्कला नळी, नळीतून हवेचा दाब, म्हणजे घसा मिटणार नाही. गोळ्या आहेत तशाच चालू. फिट कमी होतील असं वचन देत नाही, पण बऱ्याच जणांच्या होतात, असं म्हणाल्या. मंजुश्रीला बाईंचं हे वचन न देणंच फार आवडलं.

तरी तिने पोटातली भीती बोलून दाखवली. "आन् मास्क लावलेला असताना फिट आली तर? गुदमरणार न्हाईत ना?"

"चांगलं विचारलंत," बाई म्हणाल्या. मग मास्क हातात देऊन दाखवलं: हा फक्त नाकावर बसतो, तोंड मोकळं राहतं, हवा बाहेर जायला भोकं आहेत, आणि पट्टा एका हाताने ओढला की निघतो. मंजुश्रीने तो तिथेच तीन-चार वेळा ओढून पाहिला.

यंत्र घरी आलं, पण उमाशंकरने हात टेकले. मास्क लावला की जीव कासावीस व्हायचा. तो झोपेत उपटून फेकायचा. "हत्तीवानी सोंड लावून झोपू का? लोक हसतील," असं म्हणत त्याने ते खोक्यात परत भरून ठेवलं.

मंजुश्रीने वाद घातला नाही. दुपारी ती यंत्र घेऊन दुकानात आली, भर बाजारात गादीवर मांडी घालून बसली, आणि सगळ्यांदेखत मास्क स्वतःच्या नाकावर चढवून बटण दाबलं. कुंकवावरून पट्टा, खाली लोंबणारी नळी. रस्त्याने जाणाऱ्या बायका थबकल्या. एकीने काय झालं विचारलं, तर ही उत्तर द्यायला गेली आणि तोंडातून नुसता वाऱ्याचा फुस्स आवाज निघाला. शंकरप्पा पोट धरून हसले. सगळी गल्ली हसली. आणि दुकानाच्या आतून कित्येक महिन्यांत न ऐकलेला आवाज आला, उमाशंकर हसत होता. डोळे पुसत तो पुढे आला.

"काढ बाई ते. माझंच सोंग हाय, मीच घेतो."

त्या दिवशी तो मास्क लावून पेपर वाचत बसला. दुसऱ्या दिवशीही. मग पडून राहिला, मग डोळा लागला. खरी कमाल पुढेच होती आणि ती त्याची एकट्याची होती. नाकावर वळ उठले, घसा कोरडा पडला, वीज गेली की दचकून उठावं लागलं. मधे एकदा फिट आली तेव्हा मंजुश्रीचा धीर सुटला, त्याचा नाही. लातूरला जाऊन यंत्राचा दाब तपासून आला आणि त्या रात्री पुन्हा मास्क लावला. रोज सकाळी तो मास्क धुऊन वाळत घालायचा आणि मगच लिंगपूजेला बसायचा. माणूस एवढा चिवट असेल, हे तिला त्याची बायको असून माहीत नव्हतं.

हळूहळू त्याची मान पडायची थांबली. डोळ्यांखालची सूज उतरली. फिटचं नाव निघेना. गल्लीचा दुपारचा नियम मात्र चालूच राहिला, आता मोडायचा कुणाला सुचतच नव्हतं.

तुरी निघाल्या. डॉक्टर तनुजांनी तपासून सांगितलं, की चूल आणि शिडी अजून नको, पण बसून करायचं काम, छिन्नीचंसुद्धा, करू द्या. त्या रात्री मंजुश्रीने कपाट उघडलं. सकाळी फडक्यातली छिन्नी-हातोडी तिने दुकानाच्या गादीवर ठेवली आणि घरी आली. दुपारपर्यंत काहीच कळलं नाही. फाटलेला तळहात त्याला आठवला असेल, हिंमत खचली असेल, असं मनात घोळवत ती चहाचा थर्मास घेऊन निघाली.

गल्ली नेहमीसारखी गप होती. ती अर्ध्यावर पोचली आणि ठोका पडला. टक. मग पुन्हा, टक, टक.

शंकरप्पा तरातरा बाहेर आले. "कोण हाय रे त्यो? अक्कल हाय का न्हाई? माणूस झोपलाय!"

एकेक कारागीर दाराशी आला. सगळे एकमेकांच्या हातांकडे बघायला लागले. कुणाच्याच हातात हातोडी नव्हती. ठोका मात्र चालूच होता, बारीक, एका लयीत, आणि मंजुश्रीने तो सगळ्यांच्या आधी ओळखला.

उमाशंकर गोणपाटावर घागर मांडीत घेऊन बसला होता. स्वप्नालीचं नाव पुरं झालं होतं, त्याखाली 'आजीकडून' एवढं कोरायचं चाललं होतं. अंगावर सावली पडली तशी त्याने मान वर केली. दारात सगळी गल्ली उभी.

"काय झालं?" तो म्हणाला. "झोपले व्हते का सगळे?"

शंकरप्पांनी उपरण्याने डोळे टिपले. "आता आम्ही बी मारावं का ठोका?"

"मारा की. मी जागा हाय."

आधी शंकरप्पांची हातोडी पडली, मग शेजारच्यांची, मग टोकापर्यंत सगळ्यांची. भर दुपारी गल्लीत कानठळ्या बसवणारा कल्लोळ उठला. मंजुश्री त्याच्या मधोमध थर्मास छातीशी धरून उभी राहिली आणि मोठ्याने रडली, कारण त्या आवाजात कुणाला ऐकू जाणार नव्हतं. मग तिने पदराने तोंड पुसलं आणि नवऱ्याला चहा ओतून दिला.