बिनगाडीचा शुक्रवार

हवेतला धूर कमी व्हावा म्हणून पॅकिंग खात्यातल्या संयोगितानं मॅनेजरसाहेबांच्या मागं लागून कारखान्यात शुक्रवार बिनगाडीचा ठरवला. त्या दिवशी हुपरीची माणसं एसटीत उभ्यानं आली, बाकीची सायकली दामटत. साहेब मात्र गेटातच गाडीतनं उतरले, डिकीतनं कोरी सायकल काढली आणि बॅनरखाली तिच्यावर बसून फोटो काढून घेतला.

संयोगिताचं टाळकं सरकलं. साहेबांची गाडी लागायची त्या जागेवर तिनं आपली सायकल आडवी लावली. बघता बघता साऱ्यांनी तिथंच सायकली लावल्या.

“मग माझी गाडी कुठं लावू?” साहेब कडाडले.

संयोगिता जागची हलली नाही. म्हणाली, “घरी सोडून या की, साहेब. परत यायला सायकल हाय न्हवं!”