शेवट सांगायचा नाही

दादानं आयुष्यात एकदाच नियम मोडायला घेतला, आणि धाकट्यानं तो मोडू दिला नाही. नियम दादाचाच होता, हे आधी सांगून टाकलेलं बरं.

'नऊ सूर्यांपलीकडे' टीव्हीवर सुरू झाली तेव्हा दादा अठ्ठावीस वर्षांचा होता आणि धाकटा वीस. अवकाशात भरकटलेली एक नौका, तिच्यातली अकरा माणसं आणि त्यांना न सापडणारं घर, एवढीच गोष्ट. पण ती एकतीस वर्षं पुरली. नौकेच्या भिंती पुठ्ठ्याच्या आहेत हे आंधळ्यालाही कळलं असतं. कप्तानाचं काम करणारा नट दोनदा बदलला, तिसऱ्या खेपेला बाई आली. परग्रहावरचा प्राणी म्हणून येणारा माणूस मात्र कायम एकच. एका वर्षी हिरवा, पुढच्या वर्षी जांभळा. दोघा भावांनी या सगळ्याची पोटभर टिंगल केली आणि एकही भाग चुकवला नाही.

चुकवला नाही म्हणजे, एक चुकला. छापखान्यात जास्तीचं काम निघालं म्हणून दादाला एका रविवारी जावं लागलं. संध्याकाळी तो घरी आला, अजून एक चप्पल पायातच होती, आणि दारात उभ्या धाकट्यानं बातमी दिली, "दादा, इंजिनीअरबाई मेली!" दादा एकोणीस दिवस त्याच्याशी बोलला नाही. मीठसुद्धा आईमार्फत मागायचा. विसाव्या दिवशी बोलला तो थेट कायदाच घेऊन: सगळ्यांनी पाहिल्याशिवाय चकार शब्द काढायचा नाही.

कायदा केला की तो पाळला जातो की नाही हे बघणारा शिपाईही लागतो. तेही काम दादानंच घेतलं. अधूनमधून तो अगदी साळसूद चेहऱ्यानं विचारायचा, "काय रे, तो वैद्य वाचला का शेवटी?" धाकटा बोलून गेला की, "नापास!" आणि गप्प राहिला की पाठीत एक धपाटा, "पास. शाबास." पुढं दादा तीन तासांवरच्या गावी राहायला गेला, दोघांची लग्नं झाली, धाकट्याची बायको गेली, केस पिकले, पण ही परीक्षा काही संपली नाही. फरक एवढाच, की आता ती फोनवर व्हायची.

धाकटा दातांच्या कवळ्या करायचा. चार-पाच दवाखान्यांतून त्याच्याकडे हिरड्यांचे ठसे यायचे. त्यात प्लास्टर ओतून तो साचे काढायचा, मेणात एकेक दात बसवायचा, घासून चकचकीत करून परत पाठवायचा. दुकानाला पुढं लोखंडी शटर, आत एक लांब टेबल, टेबलावर ओळीनं मांडलेले पांढरे जबडे. या जबड्यांच्या साक्षीनं मालिकेच्या चाहत्यांची बैठक भरायची. बैठक म्हणजे धाकटा धरून तिघं. एक लिफ्टमास्तर, ज्यानं गावातल्या निम्म्या लिफ्ट दुरुस्त केल्या होत्या आणि ज्याच्या तोंडात तीळ भिजत नसे. आणि दुसऱ्या वाचनालयातल्या बाई, ज्यांच्या तोंडून काही बाहेर पडायचं झालं तर आधी अर्ज करावा लागे. चौथा दादा. तो फोनवरून हजर असायचा, पण गेल्या तीन महिन्यांत त्याची हजेरी कमी झाली होती. पोटाचं काहीतरी दुखणं निघालं होतं. विचारलं की म्हणायचा, "पथ्य चालू आहे. तू तुझे जबडे सांभाळ."

त्या बुधवारी दुपारी लिफ्टमास्तर शटरखालून वाकून आत आला तोच हातात फोन नाचवत.

"फुटलं! येत्या रविवारचा शेवटचा भाग. अख्खाच्या अख्खा कुणीतरी लिहून टाकलाय. शेवटच्या वाक्यापर्यंत!"

"तोंड मिटा," बाई म्हणाल्या.

"अहो, मी कुठं सांगतोय? फक्त एवढंच म्हणतो, की तो जांभळा माणूस..."

बाईंनी टेबलावरचा एक साचा उचलला. त्या फेकणाऱ्यांतल्या नव्हत्या, पण लिफ्टमास्तरला तेवढी खात्री नव्हती. तो गप्प बसला.

मग तिघांनी बातमीचा कीस पाडला, पण कडेकडेनं, विहिरीत न वाकता. मालिका बंद होणार हे तर महिन्याभरापूर्वीच जाहीर झालं होतं. पाहणारे उरले नाहीत, पैसे उरले नाहीत. बनवणाऱ्यांपैकी निम्मे जगातही उरले नाहीत. बाई म्हणाल्या, "मी नोकरीला लागले त्या वर्षी सुरू झाली. आता मी निवृत्त व्हायला आले आणि ती माझ्या आधी निवृत्त होतेय." कुणी हसलं नाही. लिफ्टमास्तर म्हणाला, "रविवारी चारनंतर माणसानं करायचं काय पण?" टेबलावरचे जबडे तेवढे आ वासून होते.

जाताना बाईंनी ठराव मांडला: रविवारी चार वाजेपर्यंत फोन बंद. आजकाल नको असलेली बातमी आपल्या पायांनी चालत खिशात येते, त्याला इलाज हाच. ठराव मंजूर झाला. "काम असलं तर वाचनालयात या किंवा तिथं फोन करा. भिंतीवरचा फोन मालिका बघत नाही," बाई म्हणाल्या. धाकट्यानं तो नंबर दादाच्या घरी वहिनींना फार पूर्वीच देऊन ठेवला होता.

दोघं गेले आणि धाकटा एकटा राहिला. हातातली कवळी त्यानं थोडी घासली, खाली ठेवली, परत उचलली. एकतीस वर्षांत जे केलं नव्हतं ते त्यानं त्या दुपारी केलं. फोन काढला आणि शेवट वाचला. चोरून भाकरी खाणाऱ्या पोरासारखा, दाराकडे पाठ करून.

ते घरी पोचतात. बस, एवढंच. कुणी मरत नाही, काही उलटंपालटं होत नाही. नौका उतरते, दार उघडतं, बाहेर सकाळ असते. धाकट्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि पाठोपाठ लाजही वाटली. इतकी वर्षं राखलेलं व्रत दोन मिनिटांत बाटलं होतं.

गुरुवारी सकाळी दवाखान्यांचे निरोप घ्यायचे म्हणून त्यानं फोन तासभर चालू ठेवला, आणि नेमका तेव्हा दादाचा फोन आला.

"काय रे, दुकानात आहेस?"

"हो. बोल दादा. पोट कसं आहे?"

"आहे तिथंच आहे." दादाचे शब्द ओले आणि घसरते येत होते. कवळी लावली नाहीये, धाकट्याच्या लगेच लक्षात आलं. ती त्यानंच करून दिलेली, दोन वर्षांपूर्वी. सैल झाली असणार. पुढच्या खेपेला मागवून घेऊ, आतून अस्तर लावू, घट्ट बसेल. त्याच्या मनात आलं ते एवढंच. कवळी सैल का होते हे त्याच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं, आणि तरी त्याला सुचलं ते अस्तर.

"बातमी फुटली म्हणे," दादा म्हणाला.

"फुटली असेल."

"वाचलीस?"

म्हातारा वास काढत आलाच, धाकट्याला वाटलं. "छे! मी कशाला वाचू?"

"खरंच नाही?"

"नाही म्हटलं ना."

पलीकडे थोडा वेळ नुसता श्वास ऐकू आला. मग दादा म्हणाला, "वाचली असशील तर सांग मला. पोचतात का रे ते घरी?"

असला साळसूद आवाज धाकट्यानं एकतीस वर्षं ऐकला होता. तो मनाशी हसला. यंदाची परीक्षा जोरात आहे, मनातच म्हणाला. "नियम म्हणजे नियम, दादा. रविवारी चारला कळेल."

"रविवारला अजून तीन दिवस आहेत."

"एकतीस वर्षं थांबलास, तीन दिवसांत काय होतंय तुला?"

या वाक्यासाठी त्यानं पुढं स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली, खरोखर मारून घेतली, बसच्या मागच्या बाकावर बसून. पण त्या वेळी ते वाक्य त्याला झकास जमल्यासारखं वाटलं.

दादा म्हणाला, "पास. शाबास." आणि फोन ठेवला.

धाकट्यानं समाधानानं फोन बंद केला, टेबलाच्या खणात टाकला आणि खण लावला. चोर तो चोर, वर शाबासकीही खिशात.

शनिवारी दुपारी बाई शटरखालून आत आल्या तेव्हा तो मेणात पुढचे दात बसवत होता. बाई वाचनालय उघडं टाकून कधी येत नसत. त्या उभ्याच राहिल्या.

"तुमच्या वहिनींचा फोन आला होता वाचनालयात. तुमचा लागत नाही म्हणून."

"काय झालं?"

"पहाटे गेले," बाई म्हणाल्या. मग वाकून त्यांनी त्याच्या हातातला मेणाचा साचा काढून घेतला, कारण तो त्याच्या मुठीत चेपत चालला होता.

रविवारी सकाळी दादाच्या गावी सगळं उरकलं. आले होते ते शेजारीपाजारी दुपारी पांगले. पुढच्या खोलीत दादाची खुर्ची टीव्हीसमोर होती तशीच होती. तिच्या हातावर बोटं ठेवून ठेवून रंग उडालेला. धाकटा शेजारच्या स्टुलावर बसला. खुर्चीत बसायची त्याची हिंमत झाली नाही.

वहिनींनी चहा आणला. दुसऱ्या हातात एक डबी होती.

"भावजी, हे तुम्हीच घेऊन जा. मला बघवत नाही. दीड महिना झाला, लावतच नव्हते. तोंडात नुसती खुळखुळायची."

धाकट्यानं डबी उघडली. स्वतःच्या हातचं काम त्याला कुठंही ओळखू आलं असतं. कवळीत काही खोट नव्हती. जबडाच आतून झिजून गेला होता, माणूसच गळून गेला होता, आणि ते ऐकू येत असताना त्यानं अस्तराचा विचार केला होता.

"मला का नाही सांगितलंत, वहिनी?"

"शपथ घातली होती. धाकट्याला सांगितलंस तर तो काम सोडून इथं येऊन बसेल, म्हणायचे. डॉक्टरांनी बुधवारीच सांगितलं, रविवारचं काही खरं नाही. त्यावर काय म्हणाले असतील? 'अगं, रविवारी चारला तर शेवटचा भाग आहे!'" वहिनी हसल्या आणि पदर तोंडाला लावला. "म्हणून तर गुरुवारी तुम्हाला फोन केला."

धाकट्यानं डबी मिटली.

"मी इथंच बसले होते," वहिनी सांगू लागल्या. "फोन ठेवल्यावर म्हटलं, काय म्हणाले भावजी? तर म्हणाले, 'त्यालाही माहीत नाही गं. माहीत असतं तर त्यानं मला सांगितलंच असतं. परीक्षाबिरीक्षा सगळं खरं, पण माझा आवाज ऐकून सांगितलंच असतं त्यानं.' मग शांत झोपले. तेव्हा तुम्ही मनाला लावून घेऊ नका. तुमच्या हातात काही नव्हतं."

चहा निवत चालला होता. बाहेर कुणीतरी सायकलला हवा भरत होतं, त्याचा फुस्सफुस्स आवाज येत होता. इथं गप्प बसलं तर कुणाला कधी कळणार नव्हतं. दादाला तर नाहीच. दादा त्याला पास करून गेला होता.

"मी काही तुमची ती मालिका कधी धड बघितली नाही," वहिनी म्हणाल्या. "पुठ्ठ्याच्या भिंती नुसत्या. पण दोन दिवस यांचा तोच घोष चालला होता, तेव्हा आता माझ्याही मनात राहिलंय. पोचतात का हो ते घरी?"

त्यांनी सहज विचारलं होतं. नंतर कधीतरी सांगा, अशा बेतानं. उठून कपबशा गोळा करता करता.

"पोचतात," धाकटा म्हणाला. "पोचतात, वहिनी. सगळे पोचतात."

"बरं झालं बाई," वहिनी म्हणाल्या. दोन पावलं स्वयंपाकघराकडे गेल्या आणि थांबल्या. बंद टीव्हीच्या वर भिंतीवर घड्याळ होतं. चार वाजायला अजून वीस मिनिटं होती.

त्या बराच वेळ घड्याळाकडे बघत राहिल्या. मग कपबशा तशाच हातात धरून धाकट्याकडे वळल्या.

"एवढा एकच शब्द होता, भावजी?"