काळ्या दगडातली पांढरी शीर

शारजाच्या औद्योगिक क्षेत्रातल्या एका शेडमध्ये मुग्धा लाकडी खोक्यासमोर उकिडवी बसली होती. खोक्यात बोअरिंगमधून निघालेले दगडाचे लांबट गोल तुकडे ओळीने मांडले होते. सगळे काळपट हिरवे. मधलाच हातभर भाग तेवढा पांढरा, खडीसाखरेसारखा दाणेदार.

खोरफक्कान शहरामागच्या डोंगरात पाण्याची मोठी टाकी बांधायची होती. तिच्या पायाखाली कसला दगड आहे, ते सांगायचं काम मुग्धाच्या कंपनीकडे होतं.

“खोकी मिक्स झाली असणार,” तिची मॅनेजर संजना फोनवर म्हणाली. “तिथला अख्खा डोंगर काळा आहे. तो पांढरा पीस रिपोर्टमधून काढ आणि खैरुद्दीनला मेमो दे. खलास.”

खैरुद्दीन हा बोअरिंगचा सुपरवायझर. तो शेजारीच उभा होता, त्यामुळे त्याने सगळं ऐकलं. “मॅडम, बॉक्स मैंने खुद भरा है,” एवढंच तो बोलला.

मुग्धाला कुणाचं खरं मानावं ते कळेना. पांढरा आणि काळा दगड एकमेकांना जोडलेला असा एक तुकडा मिळाला असता, तर प्रश्नच मिटला असता. पण नेमक्या त्या जागेचा चुरा होऊन आला होता. तिने संजनाकडून सोमवारपर्यंतचा वेळ मागून घेतला.

शनिवारी सकाळी ती अल रीम बेटावरच्या टॉवरमधल्या फ्लॅटमधून निघाली, तर आई बूट घालून दाराशी तयार. विभावरीने पेंटच्या कारखान्यात, लॅबमध्ये, बरीच वर्षं नोकरी केली होती आणि नुकतीच ती रिटायर झाली होती. लेकीने दातांची डॉक्टर व्हावं असं तिला फार वाटायचं. मुग्धाचं साइटवरचं काम तिने कधी पाहिलं नव्हतं.

“मीही येते. दगडांत तुला एवढं काय दिसतं ते बघू दे तरी.”

“आई, इट्स नॉट अ पिकनिक.”

“माहितीये. यल्ला, चल!”

टाकीच्या जागेखालच्या वादीत, म्हणजे कोरड्या ओढ्यात, त्यांनी गाडी लावली. दोन्ही बाजूंना काळे-तपकिरी उघडे डोंगर होते.

“अगदी आपल्या सिंहगडासारखा दगड,” विभावरी म्हणाली.

“दिसायला. सिंहगड लाव्हाचा. हा त्याहून खूप खोलातला, समुद्राच्या तळाच्याही खालचा. इथे टेथिस नावाचा महासागर होता. तो मिटत गेला आणि त्याच्या तळाचा हा एवढा तुकडा अरबस्तानच्या कडेवर चढून बसला.”

“समुद्राचा तळ डोंगरावर?” विभावरीने वर पाहिलं आणि बराच वेळ ती पाहतच राहिली.

ऊन चढायला लागलं. मुग्धा कडे तपासत पुढे चालली होती. एका वळणावर विभावरीनेच हाक मारली, “अगं, हे काय?”

काळ्या कड्यातून एक पांढरा पट्टा तिरका वर गेला होता. मुग्धा धावतच आली. तिने हातोड्याने कडेचा तुकडा फोडला. अर्धा काळा, अर्धा पांढरा, मधे फट नाही. पांढऱ्या भागात चकचकीत पापुद्रे होते आणि डाळिंबी रंगाचे बारीक दाणे.

“गार्नेट,” मुग्धा पुटपुटली.

विभावरीने नखाने एक पापुद्रा सोडवला. “हे तर अभ्रक. पेंटला चमक यायला आम्ही घालायचो. पण मुग्धा, याला ॲल्युमिनियम लागतं, पोटॅशियम लागतं. तुझ्या काळ्या दगडात ते असतं?”

“जवळजवळ नाहीच.”

“मग आलं कुठून?”

तुकडा हातात फिरवत मुग्धा एका धोंड्यावर टेकली. “चिखलात असतं,” ती सावकाश म्हणाली. “किनाऱ्याच्या मातीत असतं. आई, समुद्राचा तळ वर चढत होता, तेव्हा अरबस्तानची कड त्याच्याखाली ओढली गेली. माती, वाळू सगळं घेऊन. वरचा दगड अजून प्रचंड तापलेला. खालची माती वितळली आणि वरच्या दगडाला चिरत घुसली. हे तेच आहे. जमिनीचा रस समुद्राच्या तळात.”

“म्हणजे खाली गेलेली जमीन आपल्याला दिसणार नाही, पण ती गेली होती हे या दगडामुळे कळतं?”

“एक्झॅक्टली!”

“आणि ती टक्कर संपली?”

“इथली संपली. पलीकडे इराणच्या बाजूला अजून चालू आहे. मागे आपला टॉवर हलला, ते तिथल्याच भूकंपाने.”

विभावरीने नकळत पायाखाली पाहिलं.

दोघी पट्ट्याच्या मागाने चढल्या. पट्ट्याला लागूनचा काळा दगड जागोजागी हिरवट, साबणासारखा गुळगुळीत झाला होता, नखाने खरवडला जात होता. पट्ट्याची दिशा मुग्धाने कंपासवर पाहिली. तो थेट टाकीच्या जागेकडे निघाला होता.

सोमवारी तिने तो जोडतुकडा संजनाच्या टेबलावर ठेवला. संजनाने तो उलटसुलट करून पाहिला आणि दुसरं बोअर घ्यायला सांगितलं. त्यातही टाकीच्या एका कोपऱ्याखाली पांढरी शीर निघाली आणि तिला चिकटून तो निसरडा हिरवा दगड. अशा मऊ दगडावर पाया टिकला नसता, म्हणून टाकीची जागा बाजूला सरकवली गेली. संजनाने खैरुद्दीनला स्वतः फोन करून सॉरी म्हटलं. “कोई बात नहीं,” तो म्हणाला, पण संध्याकाळी त्याने शेडमधल्या सगळ्यांना चहा पाजला.

एक तुकडा मुग्धाने वय काढायला विद्यापीठात पाठवला. मग विभावरीची रोजची चौकशी सुरू झाली, “रिझल्ट आला का?” अखेर तो आला. समुद्राचा तो तळ साधारण साडेनऊ कोटी वर्षांचा, आणि शीर त्याहून थोडीशीच लहान.

“म्हणजे तळ तयार झाला आणि लगेच चढायला लागला?” विभावरीने चष्मा वर सरकवला. “इतक्या लवकर?”

“जिऑलॉजीच्या हिशोबाने, हो.”

मुग्धाने लॅपटॉप मिटला आणि ती पाणी प्यायला उठली.

“मुग्धा,” मागून आवाज आला, “एवढा महासागर मिटला, तर त्यातलं पाणी कुठे गेलं गं?”

ग्लास हातात धरूनच मुग्धा वळली. याचा विचार तिने कधी केला नव्हता. ती परत आली, आईशेजारी बसली आणि तिने लॅपटॉप पुन्हा उघडला.