म्हाळसाबाईच्या मेंढीचा कागद

निजाम सरकारच्या ढोरांच्या डाक्टरला मेलेली मेंढी चिरू द्यायला ताडकळसच्या धनगरांत कुणी तयार नव्हतं. चाकू लागला की उरलेल्या कळपाला नाट लागतो, असं सगळ्यांचं म्हणणं. म्हाळसाबाईनं दिली. नवरा त्याच वर्षी गेलेला, दुखण्यानं मेंढ्यांच्या जबड्याखाली पाणी धरून पिशव्या लोंबत होत्या, एकेक मरत होती आणि पोटाला दुसरा आधार नव्हता. डाक्टरनं यकृत उघडलं, आतले पानासारखे चपटे किडे बाटलीत भरले आणि परभणीच्या दवाखान्याची वाट धरली.

पुढं दोन वर्षं म्हाळसाबाई गप्प राहिली. जडीबुटी सांगितली की तिचा गुण जातो, म्हणून जाणकाराला विचारायचं नसतं, हे तिच्या अंगात मुरलेलं. डाक्टरला औषध सापडलंय आणि तो गुण राखून बसलाय, आज ना उद्या देईल, अशी बिचारीची समजूत. निजाम सरकारवर एवढा विश्वास खुद्द सरकारी नोकरानंही कधी ठेवला नसेल!

साठ मेंढ्यांतल्या अकरा उरल्या तेव्हा मात्र तिनं रीत मोडली. परभणीला चालत गेली आणि दवाखान्याच्या पायरीवर बसली. डाक्टर दौऱ्यावर होता, म्हणून मेंढीत काय सापडलं ते तिनं कारकुनाला विचारलं. हे कारकून दिनकरराव नुकतेच बदलून आलेले. हुकुमाशिवाय कागद दाखवता येत नाही, म्हणाले. ती उठेना. शेवटी त्यांनी तिला आत घेऊन दार लोटून घेतलं, कपाटातून त्या किड्यांवर हैदराबादेहून आलेला उर्दू रिपोर्ट काढला आणि मराठीत सांगितला.

"औषध नाही लिहिलेलं, बाई. तळ्याकाठच्या ओल्या गवतात गोगलगायी असतात, त्यांच्यापासून हे किडे होतात. तिथं चारू नका, कोरड्या माळावर न्या."

दुखणाईत मेंढ्यांना म्हाळसाबाईनं मुद्दाम तिथलंच कोवळं गवत चारलं होतं.

"कवा आला ह्यो कागुद?"

"परसालच्या दिवाळीत."

"तवा माज्या पंचेचाळीस उभ्या होत्या, साहेब. आन् मेंढी माजीच चिरली होती."

दिनकररावांनी कागद परत कपाटात ठेवला. गावोगाव सांगा असा हुकूम आला नव्हता, एवढंच उत्तर त्यांच्याकडं होतं, आणि ते द्यायची त्यांना लाज वाटली.

परतताना वाटेतला एकही मेंढवाडा तिनं सोडला नाही, सगळ्यांना कागदातलं सांगत गेली. गावाजवळ तिचा दीर ग्यानबा कळप घेऊन तळ्याकडंच निघालेला दिसला. वाटणीवरून दोघांचं बोलणं बंद होतं. ती कळपाला आडवी झाली.

"भावजी, तिकडं नगा नेऊ," म्हणाली, आणि मग मात्र तिला रडू फुटलं.