सर्वांची सूचना

“दोन्ही भिंती सारख्या नसतात, कुरोदा-सान,” चंद्रहास म्हणाले. “पंपातलं चक्र फिरू लागलं की एका भिंतीलगत पाण्याचे भोवरे उसळतात, दुसरीलगत शमतात. आपलं मॉडेल दोन्हीकडे सारखेच धरतं. म्हणून गणित चाचणीशी जुळत नाही.”

विभागप्रमुख कुरोदांनी मान डोलावली. “इतरांशीही बोलून घ्या.”

जपानमधल्या कावासाकी शहरातल्या त्या कंपनीत नवी गोष्ट थेट बैठकीत मांडणे उद्धटपणाचे मानले जाई. आधी प्रत्येकाच्या टेबलापाशी जाऊन संमती मिळवायची, मगच बैठक. चंद्रहास निष्ठेने हिंडले. साठीनंतर त्यांना कंत्राटावर ठेवायचे की नाही, हे याच कामावर ठरणार होते.

“आज कोणाच्या टेबलाला प्रदक्षिणा?” ग्योतोकु उपनगरातल्या घरी डबा भरताना त्यांच्या पत्नीने, सरोजिनीने विचारले.

“खरेदी विभाग.”

“त्यांना काय कळतं त्यातलं?”

“कळायला नकोच. हो म्हणायला हवं.”

“लग्नाच्या पत्रिका वाटल्यासारखे फिरताय. नवरदेवाचं नाव तरी सांगता ना?”

“इथे तसं सांगत नाहीत गं.”

बैठकीत सुधारित मॉडेलची रेषा चाचणीच्या ठिपक्यांवर नेमकी बसली.

“ही आम्हा सर्वांची सूचना,” कुरोदा म्हणाले. कोणीही खोटे बोलत नव्हते. प्रत्येकाने ती ऐकली होती, एखादा शब्द बदलला होता, आणि आता ती प्रत्येकाला मनापासून आपली वाटत होती. “चंद्रहास-सान, आपल्याला काही सांगायचंय?”

आपला हक्क सांगितला असता, तर जमलेली संमती तिथेच मोडली असती आणि मॉडेल पुन्हा कपाटात गेले असते.

“नाही,” चंद्रहास म्हणाले.

पुढच्या आठवड्यात कर्मचारी विभागाने बोलावून अत्यंत नम्रपणे कळवले, की अलीकडे त्यांचे स्वतंत्र असे काम आढळत नाही. त्यामुळे कंत्राट देता येणार नाही. कुरोदा शेजारीच बसले होते. त्यांनी कमरेत वाकून अभिवादन केले.

“तोंड शिवलं होतं का तुमचं?” सरोजिनी कडाडली.

“मॉडेल परत गेलं असतं.”

“आणि आता तुम्ही परत चाललात.”



शेवटच्या दिवशी चाचणीकक्षात नव्या गणिताने घडवलेला पहिला पंप पूर्ण वेगाने चालू होता. चंद्रहासांनी कवचावर तळहात ठेवला. धातू गार होता. जराही थरथर नव्हती.

“चंद्रहास-सान, जरा पिवळ्या रेषेमागे,” कोणीतरी अदबीने म्हणाले. पाहुण्यांना पंपासोबत फोटो घ्यायचा होता.

ते रेषेमागे जाऊन उभे राहिले.