सुतळीचं दुसरं टोक

त्या नाट्यगृहात एकोणीस वर्षं राजवाडा उतरायचा तो एका सुतळीच्या भरवशावर. राजवाडा म्हणजे रंगवलेला पडदा. तो ताठ राहावा म्हणून खालच्या काठाला लोखंडी नळी. वर बांधलेला राजवाडा वेळ आली की दोरखंड सोडून खाली आणायचा, हे काम भोंग्याचं.

भोंगा बाई होती. आठव्या वर्षी तापात तिचे दोन्ही कान गेले आणि आपला आवाज किती मोठा निघतो हे कळेनासं झालं. विंगेत तिने कुजबुजत "पाणी आहे का?" विचारलं की तिसऱ्या रांगेतला प्रेक्षक आपली बाटली पुढे करी. नाव ठेवलं ते सख्ख्या मामानेच, आणि कामालाही त्यानेच लावलं. मामा तिथे रंगमंच व्यवस्थापक होता. "बहिरीला दोरखंडावर? डोकं फिरलंय का?" असं लोक म्हणाले, तेव्हा मामा म्हणाला, "इथे कान असलेले तरी कुठे कुणाचं ऐकतात? ही निदान कारण तरी देते."

तोंड भिंतीकडे, हात दोरखंडावर आणि भोवती मिट्ट काळोख, अशी तिची जागा. म्हणून मामाने युक्ती काढली. सुतळीचं एक टोक त्याच्या घोट्याला, दुसरं तिच्या मनगटाला. एक झटका म्हणजे तयार राहा. दोन झटके म्हणजे सोड. बस्स. पण सुतळीला आणखी एक गोष्ट कळायची, जी कुणी कधी बोलून दाखवली नाही. प्रवेश संपून दिवे गेले की मामा सिंहासन ठेवायला रंगमंचावर जाई, आणि सुतळी त्याच्या मागे सरसरत जाई. तो किती पावलं आत आहे, वाकलाय की उभा आहे, खोकला आलाय का, सगळं भोंग्याला मनगटात समजे. पुष्कळदा तो 'तयार' देऊन मग आत जाई. सुतळी ताणलेली असताना ती दोरखंडाला बोटही लावत नसे.

मग समावेशन मॅडम आल्या.

पडद्यामागे सर्व प्रकारच्या माणसांना सन्मानाने सामावून घेतलं जातं की नाही, हे बघायला त्यांची नेमणूक झाली होती. पहिल्याच दिवशी त्यांना सुतळी दिसली आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"तुम्ही माणसाला बांधून ठेवलंय?"

"दोघांना बांधलंय, मॅडम," मामा म्हणाला. "एकाला बांधलं असतं तर अन्याय झाला असता."

मॅडम हसल्या नाहीत. भोंगा हे नाव त्यांनी त्याच दुपारी बंद केलं. गळ्यातल्या ओळखपत्रावर 'विशेष सहकारी' आलं. सुतळीऐवजी मनगटाला थरथरणारा पट्टा आला. मामाने आपल्या यंत्रावर बटण दाबायचं, इकडे पट्टा थरथरणार.

"मला सुतळी बरी आहे," भोंगा कुजबुजली. बाहेर तिकीटखिडकीवरच्या माणसाने मान वर केली.

मॅडम तिच्यासमोर उभ्या राहिल्या आणि ओठ स्पष्ट दिसावेत म्हणून इतक्या सावकाश बोलल्या की ओठ वाचणं अशक्य झालं. शेवटी मामाने सांगितलं, "पट्टा घातला नाहीस तर दोरखंडावरून काढणार. नियम आहे म्हणतात."

"दोरखंडावरून काढलं तर मी कोण?"

"विशेष सहकारी," मामा म्हणाला.

तिने पट्टा घातला. मॅडमनी कात्री आणवली आणि छायाचित्रकारासमोर सुतळी कापली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. भोंग्याने तुकडे उचलले, गाठ मारून जोडले आणि खिशात ठेवले.

आठ दिवस राजवाडा बिनचूक उतरला. नवव्या दिवशी दुपारचा प्रयोग होता. दिवे गेले. पट्टा एकदा थरथरला. तयार. तिने दोरखंड हातात घेतला. मामाच्या लक्षात आलं, सिंहासन वाकडं आहे. एकोणीस वर्षांच्या सवयीने तो ते सरळ करायला निघाला. घोट्याला काही नाही हे त्याच्या घोट्यालाही आठवलं नाही.

त्याच वेळी मॅडमनी समावेशन सप्ताहानिमित्त सर्व कर्मचाऱ्यांना शुभसंदेश पाठवला. संदेशही त्याच पट्ट्यावर येत, आणि संदेश आला की पट्टा दोनदा थरथरे. हे कुणी विचारलं नव्हतं, कुणी सांगितलं नव्हतं.

दोनदा. सोड.

तिने सोडला.

नळी मामाच्या पाठीवर आली. दिवे लागले तेव्हा राजवाडा जागच्या जागी होता, सिंहासन सरळ होतं आणि काही प्रेक्षकांनी टाळ्याही वाजवल्या. भोंगा वळली. मग तिने जो आवाज काढला तो कुजबुजीचा नव्हता. टाळ्या थांबल्या.

पट्ट्यावर अजून संदेश चमकत होता: 'आपण सारे एकाच धाग्याने बांधलेले आहोत.'

चौकशी झाली. पट्ट्यात दोष आढळला नाही. "संदेश सगळ्यांना समान पाठवला होता," मॅडमनी लिहून दाखवलं. "तुम्ही वाचला नाहीत."

"हात दोरखंडावर होते," भोंगा म्हणाली. पलीकडच्या इमारतीत कुणीतरी खिडकी लावून घेतली.

तिला दोरखंडावरून काढलं, तिच्याच सुरक्षिततेसाठी. नोकरी मात्र गेली नाही; तो भेदभाव ठरला असता. तिला चौकशीच्या टेलिफोनवर बसवलं. टेलिफोन दिवसभर वाजत असणार. तिच्यामागच्या भिंतीवर तिचं मोठं छायाचित्र होतं, हातात कापलेली सुतळी घेतलेलं.

रुग्णालयात भेटीची वेळ चार ते पाच. मामा उताणा, तोंडात नळी नव्हती पण बोलणं दोन-तीन शब्दांपुरतंच. भोंग्याने खिशातून सुतळी काढली आणि एक टोक त्याच्या घोट्याला बांधलं. दुसरं आपल्या मनगटाला. नर्सने येऊन पाहिलं.

"हे काय?"

"तो हलला की कळतं," भोंगा म्हणाली. सगळ्या वॉर्डने माना वळवल्या.

नर्स काहीतरी बोलली. भोंग्याला ओठ वाचता आले असते, पण तिने ते वाचायचे नाहीत असं ठरवलं. मग मामाने ओठ हलवले. ते वाचावेच लागले.

"पाय नाही. हाताला बांध."

घोट्याची गाठ सोडवायला तिला फार वेळ लागला. रोज तीच गाठ मारायची सवय होती. सोडायचा तो मामा. शेवटी सुटली. तिने टोक त्याच्या बोटाला बांधलं आणि स्टुलावर बसून वाट पाहिली.

एक झटका आला.

ती उठून उभी राहिली. पलंगाची दांडी दोन्ही हातांनी घट्ट धरली आणि मान वर केली. वर पंखा फिरत होता. पाच वाजले, नर्सने खांद्याला हात लावला, तरी तिने दांडी सोडली नाही. दुसरा इशारा अजून यायचा होता.