अकराजणींची सरासरी

"दहा पूर्णांक सहा. ठीकच आहे की, सिस्टर," शिबिराचे डॉक्टर कागद खाली ठेवत म्हणाले. "गोळ्या चालू ठेवा सगळ्यांच्या." बाहेर बसलेल्या गरोदर बायांनाही त्यांनी तेच सांगितलं आणि त्यांची गाडी गेली.

श्रावस्ती उपकेंद्राच्या पायरीवर तशीच उभी राहिली. नर्स होऊन तिला सोळा वर्षं झाली होती. पण दहावीला गणितात नापास झाल्यापासून आकड्यांच्या बाबतीत कुणाला हटकायचा धीर तिला झाला नव्हता. सरासरी तिनंच काढली होती. अकरा बायांचं हिमोग्लोबिन, त्याची बेरीज, भागिले अकरा. तीनदा केली. चूक नव्हती. तरी काहीतरी खटकत होतं.

आत येऊन तिनं आकडे लहानापासून मोठ्यापर्यंत एकाखाली एक लिहिले. मधला, सहावा आकडा निघाला नऊ पूर्णांक चार. शेवटच्या चौघी बाराच्या वर होत्या, त्यांनीच सरासरी वर ओढली होती. बाकी सातही जणी दहाच्या आत. आणि सगळ्यांत पहिली, पाच पूर्णांक आठ. हर्षाली. आठवा महिना.

डॉक्टरांचा फोन चौथ्या प्रयत्नात लागला.

"सर, सरासरी बरोबर आहे. पण मधली बाईच नऊ-चारची आहे. अन् हर्षाली सहाच्या आत. तिला आजच रक्त लागेल."

"मघाशी का नाही बोललात?"

श्रावस्तीनं हर्षालीचा आकडा पुन्हा वाचून दाखवला.

"चिठ्ठी लिहून पाठवा. लोहाऱ्याच्या रुग्णालयात मी कळवतो."

श्रावस्ती घरी पोचली तेव्हा हर्षाली अंगणात ज्वारी निवडत होती. उठतानाच तिला धाप लागली. सासू, सत्यभामाबाई, दारातून हलेनात.

"आत्ताच तर डॉक्टर म्हनले, समद्यांचं ठीक हाय. लगीच कसं बिघडलं?"

"समद्यांचं मिळून ठीक हाय, मावशी. हिचं न्हाय. बाळंतपणात थोडं जरी रक्त गेलं, तरी ही हाती लागायची न्हाय."

एवढं उघड श्रावस्ती कधीच कुणाशी बोलली नव्हती. सत्यभामाबाई आत गेल्या आणि सुनेची शाल घेऊन आल्या.

अँब्युलन्सला दीड तास लागणार होता. फाट्यावर गुंडप्पाची जीप उभी होती.

"चार शिटा भरू द्या की, सिस्टर."

"आत्ताच निघायचं, गुंडप्पा." वाटभर तिनं हर्षालीच्या मनगटावरचं बोट काढलं नाही. नाडी पळत होती.

तिसऱ्या दिवशी रक्ताची दुसरी पिशवी संपल्यावर श्रावस्ती रुग्णालयात भेटायला गेली. हर्षाली झोपली होती.

"किती झालं?" सत्यभामाबाईंनी विचारलं.

"सात-सहा."

"हे हिचं एकटीचंच न्हवं?"

"एकटीचंच, मावशी."

दहाच्या आतल्या आणखी सहाजणींच्या घरी जायचं होतं, श्रावस्ती उठली. दारातून तिनं वळून पाहिलं. सत्यभामाबाईंनी सुनेचा सुई टोचलेला हात अलगद आपल्या मांडीवर घेतला होता, आणि त्या अगदी स्थिर बसल्या होत्या.